मागच्या दारानं येणारा विनू

सकाळी फोन वाजला तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत होतो. उमरग्याहून लिंबाजी बोलत होते. "मास्तर, विनूसायेब गेले... दुकान उघडलं, चपला मांडल्या, आन् खाली बसले ते बसलेच." विनू म्हणजे विनायक, माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत भेटायला आलेल्या प्रत्येकानं त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं. मी मान डोलवत राहिलो, पण माझ्याबद्दल जे सांगायला हवं ते मीच सांगितलं पाहिजे.

आमचं घर तुळजापुरातलं, पूजाअर्चा आणि शिक्षकी करणाऱ्यांचं. मी शाळामास्तर झालो आणि विनू जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत चिकटला; राहायचा तिकडंच, रविवारी घरी यायचा. कारकून म्हणून तो अव्वल होता. अर्जात कुठला कागद कमी आहे हे त्याला अर्ज हातात घेण्याआधीच कळायचं, असं त्याचे सोबती म्हणायचे. पण रविवारची संध्याकाळ झाली की या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं पोट दुखायला लागायचं. अगदी शाळा बुडवू पाहणाऱ्या पोरासारखं. आई ओवा द्यायची, मी चेष्टा करायचो. सोमवारी अकराच्या पुढं दुखणं आपोआप थांबायचं, कारण तोवर तो खुर्चीत बसलेला असायचा आणि आता सुटका नाही हे पोटालाही समजलेलं असायचं.

एके दिवशी त्याच्या टेबलासमोर एक म्हातारा आला. कागद अपुरे म्हणून विनूनंच त्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं. तो परत निघाला तेव्हा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, दारापर्यंत, एकाच पावलाचे लाल ठसे उमटत गेले. विनू मागं धावला. म्हाताऱ्याच्या चपलेतून खिळा वर येऊन तळपायात घुसला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. "शुगरनं पाय मेलेत सायेब, मला काय कळत न्हाय," तो म्हणाला. विनूनं त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, खिळा काढला, दवाखान्यात नेलं. पुढच्या रविवारी आमच्याकडं आला तेव्हा पोटाचं नाव नव्हतं. जेवताना एवढंच म्हणाला, "तिसऱ्यांदा मीच बोलावलं होतं, दादा."

मग दर शनिवारी-रविवारी तो उमरग्याला जायला लागला. बसस्टँडजवळ लिंबाजींचं चपला शिवायचं दुकान होतं. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या, खिळा न ठोकलेल्या, मागून पट्टा असलेल्या चपला करायच्या हे विनूच्या डोक्यात बसलं होतं. पण त्याला चामडं टोचायची साधी आरी धरता येत नव्हती. लिंबाजींनी त्याला पायाशी बसवलं आणि सांगितलं, "आठ दिवसांचं याड हाय हे सायेब. बोटाला आरी लागली की उतरंल." आरी लागली, कैकदा लागली. दीड वर्षानं विनूनं नोकरी सोडली. मी संतापून विचारलं, "साक्षात्कार झाला का तुला?" तो शांतपणे म्हणाला, "कुठला साक्षात्कार, दादा. रविवारी पोट दुखायचं थांबलं, एवढंच." मला हे उत्तर तेव्हा फार पोरकट वाटलं होतं. आता वाटतं, माणसाला आपलं काम सापडल्याची याहून खरी खूण मला तरी माहीत नाही.

गावात काहीजण त्याच्या सेवाभावाचं कौतुक करू लागले. ते ऐकून लिंबाजींनी एकदा त्याला सुनावलं, "पिढ्यान्‌पिढ्या आमी करतो तवा त्यो धंदा. तुमी केलं की सेवा व्हय?" हे विनूनंच मला हसत हसत सांगितलं, पण त्याला ते लागलं होतं. त्यानंतर कुणी सेवा म्हटलं की तो म्हणायचा, "धंदा आहे. लिंबाजीमामांकडं शिकलो." दुकानाच्या पाटीवर शेवटपर्यंत लिंबाजींचंच नाव राहिलं.

आणि मी? मी त्याला सांगितलं होतं, "चामड्याच्या कामावरून आलास की मागच्या दारानं यायचं. न्हाणीत अंघोळ करून मगच घरात." लोक समजतात हे आईचं सोवळं. नाही, आई गप्प होती; सांगितलं मी. विनूनं वाद घातला नाही. तो मागच्या बोळातून यायचा, अंघोळ करायचा, ओल्या केसांनी पानावर बसायचा आणि आईला उमरग्याच्या गमती सांगायचा. मी त्याच्या दुकानाची पायरी कधी चढलो नाही.

मग एका उन्हाळ्यात जेवताना मी बढाई मारत होतो. चैत्रातल्या भर दुपारी देवळाच्या फरशीवर लोक टुणटुण उड्या मारतात, मी मात्र सावकाश, अनवाणी प्रदक्षिणा घालतो, मला चटका बसतच नाही... इतक्या वर्षांच्या नेमाचं बळ, दुसरं काय. विनूचा घास हातातच राहिला. तो उठला, हात धुऊन आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. "पाय दाखवा, दादा." मी टाळलं. त्यानं माझा पाय ओढून मांडीवर घेतला. तळव्याला रुपयाएवढे दोन फोड होते, एक फुटलेला. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याच पेपरवर माझी पावलं ठेवून त्यानं पेन्सिलनं कड काढली, पेपरची घडी केली आणि मागच्या दारानं गेला.

आठवड्यानं चपला आल्या. पायात घालून देण्याआधी त्यानं आपला हात आत घालून टाचेपासून अंगठ्यापर्यंत फिरवला. "रोज असंच करायचं. आधी हात, मग पाय. खडा, काटा, काय असेल ते हाताला कळतं." शिवाय आणखी एक अट होती : घरातही अनवाणी फिरायचं नाही. मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "घाल. पाय राहिला पाहिजे." त्या दिवसापासून विनूनं शिवलेल्या चपला आमच्या घरात देवघराच्या उंबऱ्यापर्यंत फिरू लागल्या.

विनू मात्र मागच्याच दारानं येत राहिला. आई गेल्यावरही. पुढच्या दारानं ये, हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. सुरुवातीला लाज वाटली, मग वाटलं त्याला आता सवयच झाली असेल. शेवटचा आला तेव्हाही ओल्या केसांनी माझ्यासमोर बसला, तळवे पाहिले, "छान आहेत, दादा. माझ्यापेक्षा जास्त जगाल," म्हणून हसला. जाताना मी ओसरीवर होतो आणि तो मागच्या बोळातून गेला. मी त्याला जाताना पाहिलंसुद्धा नाही.

आता रोज सकाळी मी पलंगावर बसून त्या चपलांत हात घालतो, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. अंगठ्याजवळ त्याची एक शिवण किंचित वाकडी आहे, तिथं हात थोडा थांबतो. मग चपला पायात घालतो आणि मागचं दार उघडून ठेवतो. पुढून फाटकाबाहेर पडतो, वळसा घालून मागच्या बोळात जातो आणि त्याच दारानं घरात येतो. न्हाणीशी न थांबता, चपलांसकट.