विष्णूअण्णांचं प्रेशर

दवाखान्यात रिकाम्या बाटल्या आणि किस्से, दोन्ही कुणी न मागता साठत जातात. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से आपल्याच डोक्यावर बसतात! मी वडगावातल्या एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं कंपाउंडर होतो. त्यातले ऐंशी सालच्या आसपासचे हे चार-दोन किस्से. हसायला हरकत नाही. मीही हसलो होतो, आणि तेच आता बोचतं.

*

वडगाव म्हणजे घराघरात माग. आमच्या दवाखान्याच्या भिंतीला लागून मल्लाप्पांचे चार पॉवरलूम. त्या खडखडाटात रोगी आणि डॉक्टर एकमेकांशी ओरडून बोलायचे. पण प्रेशर बघताना काय करणार? कानात नळ्या घातल्या तरी मागच ऐकू यायचा!

मग डॉक्टरांनी मल्लाप्पांशी ठरवून घेतलं. मी खिडकीतून ओरडायचं, "माग बंद!" की दोन मिनिटं चारही माग थांबायचे. तेवढ्यात पारा चढवायचा, उतरवायचा. अख्ख्या गल्लीला कळायचं. लोक दारात येऊन विचारायचे, "कुणाचं प्रेशर बघाय लागलेत रं?" आणि मी मूर्खासारखा आकडाही सांगायचो.

*

विष्णूअण्णा मल्लाप्पांकडेच विणकर. वय पंचेचाळीस, मान आखूड, अंग भरलेलं. पहिल्यांदा आले ते डोकं दुखतंय म्हणून. मी दंडाला पट्टा बांधला, माग बंद करवले, आणि अण्णा स्टुलावर बसल्या बसल्या घोरायला लागले!

प्रेशर दोनशेदहा. मी पुन्हा बघितलं. दोनशेदहाच!

डॉक्टरांनी एक गोळी दिली. मग दोन. मग तीन प्रकारच्या. पारा हलेना. मला संशय आला की अण्णा गोळ्या फेकून देतात. विणकराला गोळी नको, इंजेक्शन हवं असतं. म्हणून आठवडाभर त्यांना रोज समोर उभं करून गोळ्या गिळायला लावल्या आणि तोंड उघडून जीभ वर करायला लावून तपासलं.

आठव्या दिवशी दोनशेपाच!

अण्णा म्हणाले, "कंपाउंडर, आता तुमीच खाऊन बगा. तुमचं तरी उतरतंय का!"

*

अण्णा कुठंही झोपायचे. सायकलवर डुलकी लागून गटारात गेले. मागावर उभ्या उभ्या झोपले आणि दीड वार कापड वाया घालवलं. मल्लाप्पा शिव्या द्यायचे, पण गल्लीचं म्हणणं वेगळं होतं. "नशीबवान माणूस! पडला की घोरतोय. काळजी न्हाय, काय न्हाय."

त्या नशीबवान माणसाची बायको, शांताक्का, एकदा डॉक्टरांसमोर येऊन बसली. डोळे आत गेलेले. म्हणाली, "डॉक्टर, ह्ये घोरत्यात त्येचं काय न्हाय. घोरायचं थांबत्यात, त्येचं बगा."

"थांबतात म्हणजे?"

"श्वासच थांबतोय. मी उशाला बसून आकडं मोजते. वीसपर्यंत आलं न्हाय तर डिवचते. एकदा डोळा लागला माजा. जागी झाले तर ओठ काळंनिळं!"

"किती वर्षं करताय हे?"

"धाकटी पाळण्यात हुती तवापासनं. आता तिचं लगीन बगाय लागलोय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

*

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी डॉक्टरांनी अण्णांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं. झोपवायला कष्ट पडलेच नाहीत! मल्लाप्पांनी माग बंद ठेवले. रांगेतले सगळे रोगी दारात गोळा झाले.

अण्णा घोरले आणि अचानक गप्प. छाती हलतेय, पोट हलतंय, पण वारा आत जाईना. डॉक्टर घड्याळाकडे बघतायत. आम्ही सगळे आपापला श्वास धरून. माझ्याच्याने तर धरवेना, मी मध्येच सोडला! मग एकदम अण्णांना झटका बसला आणि मोठ्ठा आवाज करून श्वास आत गेला.

मागून एक म्हातारे ओरडले, "आला रं आला, परत आला!"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "झोपेत ह्यांचा घसा मिटतो. रात्रभर जीव असा धडपडत असेल तर प्रेशर खाली येईल कसं? आपण गोळ्या घालतोय मूर्खासारखे."

*

उपाय एकच होता. बाहेरगावच्या एका मोठ्या इस्पितळात घशाच्या डॉक्टरांकडे अण्णांना पाठवलं. गळ्याला भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची. दिवसा नळीला बूच लावायचं म्हणजे बोलता येतं. झोपताना बूच काढायचं. वारा घशाला वळसा घालून थेट आत!

अण्णा म्हणाले, "देवानं नाकाला दोन भोकं दिल्यात. त्यास्नी काय कमी हुतं?" पण गेले. शांताक्कानं नेलं, असं म्हणा.

महिन्यानं आले. मी पट्टा बांधला. एकशेचाळीस. माझा विश्वास बसेना. डॉक्टरांनी बघितलं, एकशेचाळीस. तीनदा माग बंद करवले. मल्लाप्पा भिंतीपलीकडून ओरडले, "कापड इणू का तुमचं प्रेशर इणू?"

आणि मुख्य म्हणजे अण्णा जागे होते! त्या माणसाचे डोळे एवढे मोठे आहेत हे मला तेव्हा कळलं.

*

शांताक्काची मात्र पंचाईत झाली. घोरणं बंद, घर शांत. तिला झोप येईना. अण्णांच्या गळ्यापाशी तळहात धरून ती वारा लागतो का बघत बसायची.

डॉक्टर म्हणाले, "आता निवांत झोपा, आक्का."

"हात लावला न्हाय तर भ्या वाटतंय, डॉक्टर."

पुढं सहा महिन्यांनी तिचंच प्रेशर एकशेसत्तर निघालं! एका घरात प्रेशरची दोन कार्डं झाली. मी म्हणालो, "अण्णांनी उतरवलं ते तुम्ही उचलून घेतलंत का?" सगळे हसले. मी पण.

*

आता जे सांगतो ते सांगावंसं वाटत नाही.

आमच्याकडे कार्डावर नॉर्मल लिहिलं की रोग संपला. गोळ्या कोनाड्यात जातात. दहा जणांना समजावलं तरी अकरावा तेच करतो. धाकटीचं लग्न कंग्राळी गावच्या मुलाशी ठरलं. लग्नाच्या आदल्या महिन्यात अण्णा आले. एकशेतीस! मी बक्षीस लागल्यासारखं ओरडलो, "नॉर्मल, अण्णा, नॉर्मल!"

अण्णांचे थोरले बंधू सोबत होते. ते म्हणाले, "म्हंजे बरा झाला की! मग ह्ये भोक कशाला दाखवत बसायचं पावण्यास्नी? म्हणतील, घराणंच रोगट."

डॉक्टर आतून बाहेर आले आणि चिडलेच. "भोक आहे म्हणून नॉर्मल आहे! बूच काढल्याशिवाय डोळा मिटायचा नाही, दुपारीसुद्धा!"

अण्णांनी मान डोलावली. पण घरी गेला तो माझा शब्द. डॉक्टरांचा नाही.

पाहुणे उतरायला लागल्यापासून रात्रीही बूच लावलेलंच, वरून मे महिन्यात मफलर. आठ दिवस. घर बायका-पोरांनी भरलेलं, शांताक्का आत बायकांत अडकलेली. लग्नादिवशी जेवणं उरकल्यावर अण्णा मांडवात कडेला सतरंजीवर आडवे झाले. पलीकडं बँड वाजत होता. चाळीस माणसं भोवती. अण्णा घोरले की थांबले, कुणाला काय कळणार?

वरात निघताना बापाला हाक मारली. उठले नाहीत.

 

*

महिन्यानं शांताक्का दवाखान्यात आली. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. आपलं कार्ड पुढं करून म्हणाली, "भाऊ, माजं प्रेशर बगा."

मी बघितलं. दुसऱ्या दंडालाही पट्टा बांधून बघितलं. मग विचारलं, "गोळ्या घेताय ना, आक्का?"

"त्या दिवसापासनं एक न्हाय घेतली. किती हाय?"

"एकशेवीस."

तिनं दाराकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "मला झोप लागतीया, भाऊ. पडले की लागतीया. सकाळपतोर जाग येत न्हाय."

 मी कार्डावर लिहायला पेन उघडलं, तर तिनं कार्डावर हात ठेवला.

"घरात जावा-नणंदा हाईत. कार्ड वाचत्यात. नवरा गेला आन् हिचं उतरलं म्हणतील. वाढवून लिवा."

मी एकशेसत्तर लिहिलं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. तिला आकडे वाचता यायचे. तिनं बघितलं आणि कार्ड परत माझ्यापुढं ठेवलं.

"आनी थोडं वाढवा."