वेलिताचं नाव

किसिमीत आमच्या गल्लीत ज्याच्या घरी लहान मूल, तो पार्कात जायचं ठरवलं की आधी नेरेइदाच्या दारात यायचा. ‘दोन्या नेरेइदा,’ म्हणजे नेरेइदाबाई, ‘पोराला कितव्या वर्षी नेऊ?’ हा प्रश्न मी कुंपणापलीकडून इतक्या वेळा ऐकलाय, की मलाच त्याचा कंटाळा येऊ लागला होता. बावीस वर्षं नेरेइदा रोलर कोस्टरच्या तोंडाशी मापाची काठी घेऊन उभी होती. ज्याचं डोकं काठीला लागेल तो आत, नाही लागणार तो बाहेर. बुटात चार-चार मोजे कोंबून आणलेली पोरं आणि टाळूवर बुचडा बांधलेल्या पोरी ती लांबूनच ओळखायची. त्यामुळे लोकांना वाटायचं, वयाचं हिलाच बरोबर कळणार.

पण ती वयाचं बोलायचीच नाही.

“त्याला आईचं नाव सांगता येतं का?”

“येतं की. मम्मी म्हणतो.”

“छान! त्या गर्दीत मम्मी कितीजणी असतील? घरी जा. पुढच्या वर्षी ये.”

माणूस हिरमुसून निघून जायचा आणि मी कुंपणावरून म्हणायची, “नेरे, तू पार्कात नोकरी करतेस की पार्क बंद पाडायला बसलीयस?” मी मिग्दालिया. तिच्या शेजारी राहते, आणि त्याच पार्कात बाबागाड्या सांभाळते. ती माझ्या बोलण्यावर हसायची नाही. तिच्या पोटात भीती होती, आणि ती खरी होती. आम्हाला ‘मूल हरवलं’ असं म्हणायची बंदी आहे. ‘पालक हरवले’ म्हणायचं. रडणाऱ्या पोरासमोर गुडघ्यावर बसायचं आणि सांगायचं, ‘तुझी आई हरवलीय बाळा, आपण तिला शोधू या.’ पोरं लगेच गप्प होतात. चूक आपली नाही, हे कळून त्यांना हायसं वाटतं. नेरेइदाला मात्र कधी हायसं वाटायचं नाही. संध्याकाळी पायरीवर बसून ती मला त्या दिवशीची पोरं सांगत बसायची: एकानं बापाचा शर्ट निळा सांगितला, बाप निघाला हिरव्या शर्टात, एक पोरगी तासभर बोललीच नाही. सगळी सापडायची. तरी तिच्या तोंडची चव जायची.

तिची नात अमारिलिस. पण या नावानं तिला डॉक्टरशिवाय कुणी हाक मारली नसेल. सगळी गल्ली तिला नेना म्हणायची. नेना म्हणजे नुसतं पोरगी, आमच्याकडे घरटी एक असते. आजीला ती वेलिता म्हणे. नेनाची आई विल्मारी, नेरेइदाची एकुलती लेक. विल्मारीच्या बापाचं नाव विल्फ्रेदो, बापाच्या आईचं मारी, दोन्ही जोडून विल्मारी. आम्ही ज्या बेटावरून इथे आलो, तिथल्या लोकांत अशी जोडनावं पुष्कळ. विल्मारी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, आणि पोर दिवसभर आजीकडे.

नेना चार वर्षांची झाली, तसा मी लकडा लावला. खरं सांगायचं तर हे सगळं माझ्यामुळे झालं.

“शाळेतल्या सगळ्या पोरी जाऊन आल्या. तुझी नातच तेवढी राहिलीय, आणि आजी पार्कात! तिचं लग्न ठरलं की नेशील का?”

“तोंड आवर, मिग्दा.”

“नवऱ्यालाही काठीखाली उभा कर.”

मग दर रविवारी परीक्षा सुरू झाली. जेवणं उरकली, की नेरेइदा पोरीला खुर्चीवर उभी करायची.

“मम्मीचं नाव काय?”

“मम्मी.”

“बाहेरच्या माणसाला काय सांगायचं?”

“विल्मारी.”

“आणि मला कुठे धरायचं?”

“तुझ्या कपड्याचं टोक. सोडायचं नाही.”

“नाही सोडायचं म्हणजे नाही.”

जूनअखेर पोरगी झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगू लागली. नेरेइदाकडे सबब उरली नाही. जुलैतल्या एका मंगळवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती नातीला घेऊन पार्कात आली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, आणि मनगटावर निळ्या पेननं लिहिलेला आजीचा फोन नंबर. मी मेरी-गो-राउंडशेजारी बाबागाड्यांच्या रांगेत होते. नेना धावत आली आणि मला, तिच्या तीतीला, म्हणजे मावशीला म्हणाली, “बेंदिसियोन, तीती.” आमच्यात मूल मोठ्या माणसाकडे आधी असा आशीर्वाद मागतं, आणि मोठ्यानं ‘देव तुझं भलं करो’ म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. मी म्हटलं, “देव तुझं भलं करो, आणि तुझ्या वेलिताला जरा हसायला शिकवो.” पोरीनं आंब्याचं सरबत प्यायलं होतं, हात कोपरापर्यंत चिकट. मी ओल्या फडक्यानं तिचे दोन्ही हात स्वच्छ पुसले.

ते फडकं मी पाहिलं नाही. पुढे तासाभरानं पाहिलं, तेव्हा त्यावर निळी शाई होती.

पावणेतीनला भोंगा झाला. जुलैत रोजच दुपारी आभाळ भरतं, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी पहिलीच वीज जवळ पडली. भोंगा झाला की सगळ्या राइड बंद, आणि उघड्यावरच्या माणसांनी जवळच्या छपराखाली जायचं, काम करणाऱ्यांनीसुद्धा. पार्कात एकाच जातीचे पिवळे प्लॅस्टिकचे रेनकोट मिळतात. बघता बघता सगळी माणसं पिवळी झाली. नेरेइदानं स्वतः एक घातला, नेनाला एक घातला, आणि भाड्यानं घेतलेली बाबागाडी परत द्यायला माझ्याकडे आली. गाडीचं टप अडकलं होतं. तिनं दोन्ही हातांनी ते ओढलं. शेजारच्या नाटकघराचा खेळ त्याच वेळी सुटला आणि माणसांचा लोंढा आमच्या मधून गेला.

“नेना, टोक धर,” नेरेइदा मागे न बघता म्हणाली.

टप बसलं. तिनं वळून पाहिलं. तिच्या रेनकोटाचं टोक कुणीच धरलेलं नव्हतं.

ती ओरडली नाही. तिनं माझ्या कमरेचा वॉकीटॉकी ओढून घेतला आणि बावीस वर्षं शिकलेलं सगळं शिस्तीत सांगितलं. अमारिलिस, वय चार, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, सोबत आजी नेरेइदा किन्योनेस. आवाज अगदी सरळ होता. बटण मात्र तिनं सोडलंच नाही. मी तिची बोटं उकलली.

मग आम्ही शोधायला लागलो. छपराखाली जायचा हुकूम दोघींनीही मोडला. जिकडे बघावं तिकडे पिवळे रेनकोट, आणि प्रत्येक रेनकोटाच्या खाली गुडघ्याएवढे छोटे रेनकोट. नेरेइदा एकेका पोराची टोपी उचलून तोंड बघत सुटली. एक आई खेकसली, “माझ्या मुलाला हात लावू नका!” ती ‘माफ करा’ म्हणाली आणि पुढच्या पोराची टोपी उचलली. वॉकीटॉकीवर मधूनमधून कुणी बाई बोलत होती: दक्षिणेकडच्या बोगद्याच्या राइडच्या रांगेत एक मुलगी आहे, लीना, आईचं नाव विल्मा मेरी, पालकांचा पत्ता लागत नाही. आम्ही दोघींनी ते ऐकलं. माझ्या मनात आलं, ‘बिचारी लीना.’ खरंच तेवढंच आलं.

मी विल्मारीला फोन लावला. वाजत राहिला. धुलाईखान्यात फोन नेऊ देत नाहीत, तो कपाटात असतो. मनातल्या मनात मी देवाचे आभारच मानले. काय सांगणार होते मी तिला?

तळ्याकडे जायचं आम्ही दोघीही टाळत होतो. मेरी-गो-राउंडच्या मागे ते आहे, कठडा कमरेइतका, पण खालच्या दोन गजांमधून चार वर्षांचं पोर निघू शकतं. नेरेइदा शेवटी तिकडे वळली. मी म्हटलं, “तिकडे नसेल.” ती म्हणाली, “मग बघायला काय हरकत आहे?”

पाऊस पाण्यावर तडतडत होता. काठापासून दहा हातांवर काहीतरी पिवळं तरंगत होतं.

नेरेइदानं कठड्यावरून पाय टाकला. मी तिला मागून कवटाळलं. एकसष्ट वर्षांची ती बाई, पण मला आवरेना. शेवटी मी तिला घेऊन तशीच चिखलात बसले आणि ओरडत राहिले, “थांब, थांब, नीट बघ!” वाऱ्यानं ते पिवळं उलटलं. आत काही नव्हतं. कुणाचा तरी उडालेला रिकामा रेनकोट होता.

ती चिखलातच बसून राहिली. “मिग्दा,” ती म्हणाली, “मी विल्मारीला काय सांगू? मी लोकांना सांगत सुटले, आणि माझ्याच हातून…” वॉकीटॉकी दोघींच्या मध्ये पडला होता आणि त्यावर तीच बाई पुन्हा तेच सांगत होती. लीना, वय अंदाजे चार, आई विल्मा मेरी. कुणासोबत आलीस विचारलं तर ‘वेली’ की कायसं म्हणते.

नेरेइदानं मान वर केली.

“काय म्हणाली?”

“वेली.”

“नाही. आईचं नाव.”

“विल्मा मेरी,” मी म्हटलं. मग आपण जसं घाईत बोलतो तसं एकदा म्हटलं: “विल्मारी.” आम्ही जोडलेलं नाव त्या बाईनं पुन्हा फोडून ठेवलं होतं. नेनाची लीना केली होती. पोरीनं शिकवलेलं सगळं बरोबर सांगितलं होतं, आणि आम्ही पाऊण तास ते ऐकत होतो.

नेरेइदानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “त्या मुलीच्या कानाला लावा,” ती म्हणाली. पलीकडे खरखर झाली. ही “नेना” म्हणाली, एवढंच. त्यावर बारीक, रागावलेला आवाज आला:

“बेंदिसियोन, वेलिता.”

उत्तर द्यायचं होतं. नेरेइदाचे ओठ हलत होते, पण आवाज निघेना. पलीकडे पोरगी थांबली. उत्तराशिवाय पुढे बोलायचं नसतं, हेही तिला शिकवलेलं. “बेंदिसियोन, वेलिता,” ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला.

“देव तुझं भलं करो,” नेरेइदा म्हणाली. “देव तुझं भलं करो, देव तुझं भलं करो.” मी तिच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतला, तरी ती म्हणतच होती.

बोगद्याच्या रांगेत नेना एका बाकावर बसली होती. वॉकीटॉकीवरची ती बाई शेजारी होती, उन्हाळ्यापुरती कामाला लागलेली, आमची नावं तिला नवी, बिचारी रडवेली झालेली. भोंगा चालू, म्हणून तिला पोरीला घेऊन बाहेर पडता येत नव्हतं. पोरीनं टोक सोडलेलंच नव्हतं. नाटकघराच्या लोंढ्यात तिनं एका पिवळ्या रेनकोटाचं टोक पकडलं आणि ते घट्ट धरून पार्कच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. तिथे त्या रेनकोटातल्या अनोळखी बाईनं मागे वळून पाहिलं.

नेरेइदानं तिला छातीशी धरलं. नेना तिला ढकलून म्हणाली, “तू हरवली होतीस! ही म्हणाली, तू हरवलीस, आपण शोधू. मी तिला सांगत होते. पण तिनं विचारलं वेलिताचं नाव काय, आणि तू मला ते सांगितलंच नाहीस.”

नेरेइदानं माझ्याकडे पाहिलं. इतके रविवार, इतक्या परीक्षा, आणि मला तरी कुठे सुचलं होतं?

विल्मारीला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती तीन दिवस आईशी बोलली नाही, चौथ्या दिवशी पोरीला घेऊन जेवायला आली. गल्लीतले लोक अजून दारात येतात. ‘दोन्या नेरेइदा, कितव्या वर्षी नेऊ?’ ती म्हणते, “मला नाही माहीत. दुसऱ्या कुणाला विचारा.” आणि आत जाते.

काठी मात्र तिनं सोडली नाही. परवा मी तिच्या रांगेजवळून गाड्या ढकलत चालले होते. एक म्हातारा नातवाला घेऊन पुढे आला. नेरेइदा गुडघ्यावर बसली.

“कुणाबरोबर आलास?”

“आजोबांबरोबर.”

“त्यांचं नाव काय?”

“आजोबा.”

तिनं काठी पाठीमागे धरली. मागून लोक ओरडायला लागले, काय चाललंय, रांग पुढे सरकवा. म्हातारा गोंधळला. “उंची तर भरते ना त्याची?” त्यानं विचारलं.

“तुमचं नाव सांगा त्याला,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर. त्याला म्हणता येईपर्यंत मी इथून हलणार नाही.”

म्हातारा वाकला आणि त्यानं नातवाच्या कानात आपलं नाव सांगितलं.