बिनक्लचची गाडी

अमरावतीत माझा गाड्या दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, मध्ये खड्डा आणि अंगाला चिकटून घरापर्यंत येणारा तेलाचा वास. लढाईच्या काळात मी लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकलो होतो. त्यामुळे लोक मला जरा जास्तच हुशार समजत, आणि तो गैरसमज दूर करायच्या फंदात मी पडत नसे.

साठ सालानंतर काही वर्षांनी अकोल्याच्या एका शेठजींनी लष्कराच्या लिलावातून एक अमेरिकन ट्रक उचलला. जठारपेठेत त्यांचं घर, कापसाचा आणि सागवानाचा धंदा, आणि लिलावात मिळालेली वस्तू वाईट असूच शकत नाही असा त्यांचा पक्का समज. ट्रक दांडगा होता, यात वाद नाही. पण त्याला क्लच नव्हता. गेर आपले आपण बदलत. ड्रायव्हरच्या हाताशी एक आखूड दांडी होती, तिला पुढे, मागे आणि उभं राहणं एवढंच कळे. आपल्याकडच्या ड्रायव्हरांना हे मानवणारं नव्हतं. एक जण तर गाडी अर्ध्या वाटेत उभी करून बसने घरी गेला आणि गाडीच्या अंगात कोणीतरी आहे असं दर्यापूरच्या स्टँडवर सांगत बसला.

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, नाणावलेले ड्रायव्हर. ट्रक यायच्या आदल्या वर्षी कापूस दाबायच्या प्रेसच्या आवारात कापसाची गाठ घसरून त्यांच्या डाव्या पायावर पडली आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून ते ओसरीतल्या खाटेवर पडून असत. घर रस्त्याला लागून. जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या आवाजावरून तो कितव्या गेरात आहे हे त्यांना कळे, आणि ते मोठ्यानं बोलत, ‘अबे, दुसऱ्यात घे ना.’ ऐकणारा पुढच्या वळणापलीकडे गेलेला असे. ताई एकदा माझ्या शेडवर आली आणि भांडी घासून झाली असं सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, ‘त्याईले असं खाटेवर पाहावत नाई मले. काहीबी कर.’

मी काय करणार होतो? क्लच दाबायला डावा पाय लागतो. आणि मग हा बिनक्लचचा ट्रक आला. मी शेठजींना भाऊजींचं नाव सांगितलं. शेठजींना ड्रायव्हर मिळत नव्हता, भाऊजींना गाडी मिळत नव्हती. लायसन जुनंच होतं, आणि पाय दाखवा असं कोणी म्हटलं नाही. भाऊजी कुबडी सीटमागे टाकून वर चढले आणि दुसऱ्या दिवसापासून मेळघाटातलं सागवान परतवाड्याला उतरवू लागले. गाडीच्या अंगात कोण आहे असं कोणी विचारलं तर म्हणत, ‘तेल हाये.’ बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी गाडीला लिंबू-मिरची बांधणं सोडलं होतं, त्यामुळे विचारणाऱ्यांची काळजी आणखीच वाढे.

खोट निघाली ती घाटात. चढताना गाडी गुणी होती. उतरताना मात्र भरल्या वजनानं वेग वाढे, ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असे, आणि गाडीला वाटे की आता सगळं सोपं झालं. ती खुशाल वरचा गेर घेई. वरच्या गेरात इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, मग सगळा भार ब्रेकवर. उन्हाळ्याच्या शेवटी एका उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. भाऊजींनी गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पण शेठजींचं सागवान रस्ताभर पसरलं, आणि त्यांची झोप उडाली.

गाडी माझ्या शेडमध्ये ओढून आणली तेव्हा शेठजी बरोबर होते. ‘हे डबडं काढ अन् साधा गेरबॉक्स बसव,’ ते म्हणाले. ‘क्लचवाला. मले माल खाली आणाचा हाये, तमाशा नाई कराचा.’

भाऊजी कुबडीवर उभे होते. साधा गेरबॉक्स म्हणजे क्लच, आणि क्लच म्हणजे परत ती खाट. हे शेठजींनाही कळत होतं. ते वाईट नव्हते, पण त्यांना त्या क्षणी गाडी दिसत होती, माणूस दिसत नव्हता. मला राग आला. राग आला की मी कामाचं बोलतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, ‘पावसाळ्यात तशीही जंगलातून लाकडं निघत नाहीत. पोळ्यापर्यंत गाडी माझ्याकडे राहू द्या. गेर हातानं बदलता येतील असं करतो, क्लच न लावता.’ हे कसं करायचं याची मला तेव्हा काडीचीही कल्पना नव्हती.

असला गेरबॉक्स मी कधी उघडला नव्हता. उघडला तेव्हा आत दातेरी चाकांपेक्षा तेलाच्या वाटाच जास्त. वाळवीनं पोखरलेली चौकट असावी तसा तो लोखंडाचा ठोकळा. पहिले काही दिवस मी नुसता त्याच्यासमोर बसून बिड्या ओढल्या. भाऊजी शेजारी उलट्या डब्यावर बसत. मी एका भोकात पाणी ओतायचं, ते कुठून निघतं ते त्यांनी सांगायचं. अशा रीतीनं आम्ही त्याच्या वाटा शोधल्या. हळूहळू कळलं की गोष्ट भांडणाची आहे. आत छोटे दट्टे आहेत. एका बाजूनं स्प्रिंग त्यांना खाली दाबते, दुसऱ्या बाजूनं गाडीच्या वेगाबरोबर वाढणारं तेल त्यांना वर ढकलतं. तेल जिंकलं की दट्टा सरकतो आणि वरचा गेर पडतो. घाटात तेल जिंकत होतं.

‘मंग तेलाले जिंकूच नोको देऊ,’ भाऊजी म्हणाले.

तेच केलं. वेगाचं तेल ज्या वाटेनं दट्ट्यांकडे येई ती वाट मी पितळेचा खिळा ठोकून बंद केली आणि दट्टे ढकलायला बाहेरून एक गज आत घातला. गजाच्या भोवतीनं तेल गळे, म्हणून पंपाचं चामडं कापून बसवलं. पहिल्यांदा गाडी सुरू केली तर दट्टा अर्ध्यात अडकला, इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा दोन गेर एकदम धरले आणि शेडची मागची भिंत थोडक्यात वाचली. भाऊजींनी माझ्याकडे बघून नुसतं म्हटलं, ‘साळेबुवा, भिंत भाड्याची हाये ना?’ मग मी लोखंडी पट्टीत खाचा पाडल्या, म्हणजे दांडी प्रत्येक गेराला नेमकी अडकून बसेल. त्या खाचा जमायला उरलेला पावसाळा गेला. पण जमल्या. दांडी ओढली की गेर बदले, सोडली की गाडी त्याच गेरात राही. अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडायचा, बस. डाव्या पायाला काही काम नव्हतं.

पोळ्यानंतर शेठजी आले. बरोबर त्यांचा दुसऱ्या ट्रकवरचा ड्रायव्हर होता, वयानं मोठा, अतिशय शांत माणूस. शेठजींनी खाचांवरून दांडी मागेपुढे करून पाहिली आणि चेहरा खुलला.

‘आता कसं, गाडीसारखी गाडी झाली. आता हे कोणीबी चालवील,’ ते म्हणाले आणि त्या ड्रायव्हरला वर बसायची खूण केली.

मी भाऊजींकडे बघितलं नाही. इतके दिवस ही गाडी भाऊजींची होती, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. आता तिला दांडी आली होती आणि ती सगळ्यांना हवीशी झाली होती. ज्या कामानं भाऊजींची जागा टिकायची त्याच कामानं ती हातची चालली होती. मला ओरडावंसं वाटलं. मी पाना पुसत उभा राहिलो.

चाचणीला वजन हवं म्हणून गाडीत त्या दिवशी कापसाच्या गाठी भरल्या होत्या. शेठजी ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मी आणि भाऊजी दाराशी टेकून. बडनेऱ्याच्या रस्त्यावर ड्रायव्हरनं पहिल्यातून दुसऱ्यात घेण्यासाठी दांडीला हात घातला आणि त्याच क्षणी त्याचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला खाली गेला. क्लच नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद लष्करी पेडल होतं. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मागच्या गाठी केबिनवर येऊन आदळल्या आणि शेठजींचं कपाळ काचेवर.

‘ध्यानात नाई राह्यलं,’ ड्रायव्हर म्हणाला. पुन्हा निघालो. त्यानं पाय सीटखाली दुमडून घेतला. दांडीला हात लागला, पाय सीटखालून निघाला आणि ब्रेकवर बसला. मग त्यानं मांडी घातली. हात दांडीवर गेला तशी मांडी सुटली. शेठजी आता एका हातानं डॅशबोर्ड आणि दुसऱ्या हातानं कपाळ धरून होते. कोणी हसलं नाही. त्या माणसानं गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि आपल्या गुडघ्याकडे परक्याच्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

‘शेठ, हा पाय माया ऐकून नाई राहिला,’ तो म्हणाला. ‘जल्मभराची सवय हाये त्याले. ज्याचा हा पाय नाई त्यालेच ही गाडी द्या.’

शेठजींनी कपाळ चोळलं. मग ते ड्रायव्हरच्या मागोमाग खाली उतरले, फिरून भाऊजींच्या बाजूनं आले आणि म्हणाले, ‘चाल, बस.’

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेलो. भरलेली गाडी घेऊन भाऊजींनी माथ्यावरच दांडी दुसऱ्या खाचेत टाकली. इंजिन घुमत राहिलं आणि गाडी शहाण्या बैलासारखी पावलापावलानं उतरली. पायथ्याशी थांबून मी चाकाच्या ड्रमला हात लावला. कोमट होता. मला इतका आनंद झाला की बोलताना भान राहिलं नाही. मी म्हणालो, ‘भाऊजी, खरं सांगू? तुमचा डावा पाय गेला ते एका परीनं बरंच झालं.’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

‘आता समदेच असं म्हणतीन,’ ते म्हणाले. ‘तू नोको म्हणू. मले तो पाय पायजे होता.’

मग त्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही परतवाड्याकडे निघालो.