हौदावरची शीळ

ती मेंढरं आजही आठवतात. गोष्ट इंग्रज अमदानीतली, एकोणीसशे तीसच्या दशकातली. मी नवा फौजदार, नेमणूक बारामतीला. सकाळची कवायत आटोपली की गुऱ्हाळांचा गोड वास थेट ठाण्याच्या अंगणात यायचा. तो वास आला की आजही मी पंचविशीत जातो.

पाटाच्या पाण्यामुळे काटेवाडीकडे ऊस वाढला, चराऊ रानं आटली. इंदापूरकडच्या एका मेंढपाळ वस्तीने बरेचसे कळप बागायतदारांना विकले आणि तरुण पोरं रिकामी झाली. त्यांच्यातल्याच एका टोळीने बागायतदारांची मेंढरं पळवण्याचा सपाटा लावला. नवल असं, की मेंढरं ओरडत नसत, मुकाट जात. जिल्ह्याच्या पोलीस साहेबांनी मला बजावलं, चोर सापडले नाहीत तर वस्तीतल्या सगळ्या तरुणांना रोजची हजेरी लावा. हजेरी म्हणजे चावडी सोडून जायचं नाही. उरलेले कळप मग रानात कोण नेणार? अख्खी वस्तीच उपाशी बसली असती. साहेबांना हे कोण सांगणार!

खबर दिली एका गवतवालीने. "वस्तीवरच्या त्या एका पोराकडं एक मेंढरू न्हाय, आन् रोज चारा कुणाला नेतोय?" आम्ही माग काढला. ओढ्यात चोरीची मेंढरं मिळाली, वाटेवर पोरगा मिळाला. दोन्ही ठाण्यात आणली.

"मेंढरं कुणाची?"

"माजी न्हाईत, सायेब."

हवालदाराने दरडावलं, मी गोडीत घेतलं. एवढंच उत्तर. उन्हाळ्याची दुपार होती. अंगणात हौद काठोकाठ भरलेला, पण मेंढरं तोंड लावीनात. पोरगा माझ्याकडे कमी आणि हौदाकडे जास्त बघत होता. शेवटी कळवळून म्हणाला, "त्यांस्नी पाणी पाजा की!"

"समोर हौद आहे."

"तशी न्हाय पीत ती."

बोलून गेला आणि त्याने हौदाकडे पाठ फिरवली. एक मेंढरू धापा टाकत खाली बसलं. तेव्हा त्याने डोळे मिटून लांब, मऊ शीळ घातली. साऱ्या माना एकदम पाण्यात गेल्या.

"आमचीच हुती," तो रडत म्हणाला. "माज्या बानं इकली. दुसऱ्याच्या शिळंवर पीत न्हाईत, वाळाया लागली हुती. साथीदारांची नावं सांगतो, सायेब. पर वस्तीला हजेरी नगं."

चोरी ती चोरीच. मी जबाब घेतला. पण काटेवाडीच्या फिर्यादी बागायतदारालाही बोलावलं आणि त्याच्यासमोर पोराला पुन्हा शीळ घालायला लावली. बागायतदाराने हौदापाशी जाऊन पाणी पिणारी मेंढरं एकेक मोजली. मग म्हणाला, "आमचा गडी हाकलून थकला, ह्यो शिळंवर पाजतोय. ह्यालाच राखणीला द्या. जामीन मी ऱ्हातो." सांगितलेल्या नावांवरून बाकीची पोरंही पकडली; त्यांनाही असेच जामीन मिळवताना माझ्या चपला झिजल्या. साहेब माझ्यावर चिडले, पण पोरं चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सुटली आणि वस्तीची हजेरी टळली.

सरकार टोळीला कायदा लावतं, तो लावावाच लागतो. पण पोराच्या हातातलं काम गेलं की कायदा त्याच्या मागे नुसता धावत राहतो, हे मला त्या अंगणात कळलं.

बदली झाली तेव्हा तो पोरगा कळप घेऊन वेशीपर्यंत आला. शीळ शिकव म्हटलं, तर हसत शिकवली. आता माझ्या दारात एक गाय आहे. बादली ठेवली की मी ती शीळ घालतो. मला ती अजून नीट जमत नाही, पण गाय तिच्याशिवाय पाणी पीत नाही.