‘उचलली’ म्हणजे चोरली नव्हे

“टीआय साहेबांनी ओळखीपोटी त्या मुलीला सोडलं. तिने तर चोरी स्वतःच्या तोंडाने कबूल केली होती.”

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गणेशोत्सवात ही कथा अजून सांगितली जाते. तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी, म्हणजे इकडच्या बोलीत टीआय, मीच होतो. प्रकरण मी विसरलेलो नाही आणि कोणाला वाकवूही देणार नाही.

दौलतगंजातले एक ज्येष्ठ गृहस्थ, नुकतेच पुण्याहून सहकुटुंब आलेले, फिर्याद घेऊन आले. जिन्याखालून चोरीला गेलेली त्यांची निळी सायकल शेजारच्या मुलीकडे निघाली होती. लाल रंग खरवडल्यावर खालचा निळा दिसला. फ्रेमवरचा क्रमांकही जुळला.

“माझ्या सुनेला ती म्हणाली, ‘बाड्यावरून सायकल उचलली.’ बाडा म्हणजे तुमचा तो बाजाराचा चौक. आणखी काय हवं?”

गृहस्थ घरी गेल्यावर मी मुलीला वडिलांसह बोलावले. तिला शाळेत नोकरी लागली होती. चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्हा नोंदला तर नोकरी गेली, हे बापलेक दोघेही जाणून होते.

“उचलली म्हणजे?”

“घेतली, काका. सस्ती मिळाली, तर उचलली.”

हिंदीत ‘उठा ली’ म्हणतात, तेच आमच्या ग्वाल्हेरी मराठीत ‘उचलली’ होते. पुण्याच्या कानांना त्यात चोरी ऐकू आली. कबुलीजबाब म्हणतात तो एवढाच.

तरी शंका उरली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा तो कोणाला दाखवत नाही, म्हणून मी विचारले, “घेण्याआधी कोणाला दाखवलीस?”

“एका मोठ्या माणसांना. विकणारा तिथेच उभा होता.”

“नाव?”

तिने मान खाली घातली. “नको, काका. ठाण्यात त्यांची शोभा होईल.”

“अगं, सांग ना,” वडील काकुळतीला आले. “तुझ्या नोकरीपेक्षा त्यांचा मान मोठा का?”

तिने नकारार्थी मान हलवली, तेव्हा मी प्रश्न बदलला.

“बरं, विचारलंस काय?”

“ही चांगली आहे का, म्हणून.”

“आणि ते?”

“म्हणाले, उत्तम आहे, घेऊन टाक.”

नवशिक्यांनी येथे थांबून ऐकावे. ‘चांगली आहे का’ हा प्रश्नच नव्हे. माझी उंची एवढी, रोज सिटी सेंटरपर्यंत जायचे, चढावर दम लागतो, पैसे बेताचे, विकणाऱ्याकडे बिल नाही. हे सगळे सांगून मग विचारावे. आणि सल्ला देणाऱ्याने उलट एकही प्रश्न केला नाही, तर तो तुमच्या सायकलीविषयी नव्हे, स्वतःच्या ज्ञानाविषयी बोलतो आहे, असे खुशाल समजावे.

मुलीने सांगितलेल्या वर्णनावरून विकणारा बाड्याजवळच सापडला. जुना भुरटा, चोरी लगेच कबूल केली. मुलीला ठाऊक होते काय, यावर तो हसला.

“साहब, उसको क्या पता. एक बुज़ुर्ग ने खुद चलाकर पास की, तब उसने ली.”

त्याच वेळी माल ओळखण्यासाठी फिर्यादी आत आले. भुरट्याने हात जोडले.

“नमस्ते बाबूजी. साहब, यही तो थे.”

मी फिर्यादींकडे पाहिले. त्यांनी नाकारले नाही. ज्यांना ही कथा पुन्हा सांगायची असेल, त्यांनी एवढे जोडून सांगावे: स्वतःच्या चोरीला गेलेल्या सायकलीवर बसून, गल्लीत फेरी मारून, ती घेऊन टाक असा सल्ला मुलीला फिर्यादींनीच दिला होता.