बाबांच्या मापाचं हरीण

माझे बाबा, ऐमो रांताला, मिशिगनच्या पार उत्तरेकडचे. तिकडे बर्फ कमरेपर्यंत साचतो आणि हरणं झाडांचा पाला ओरबाडून कसाबसा वसंत गाठतात. त्यांना शिंगं ती काय येणार? डोक्यावर बोटभर काही दिसलं की तो नर, आणि नर दिसला की घाल गोळी, असा आमच्याकडचा हिशोब. बाबांनी उभ्या आयुष्यात एकदाच शिंगांना आठ फाटे असलेला नर मारला. तो गावातल्या खांबावर टांगला, तेव्हा लोक हातातली कामं टाकून बघायला आले होते. आईनं सगळ्यांना वेलदोड्याचा पाव वाटला.

आई गेली. पाठोपाठ बाबांचा खुबा मोडला आणि घर विकावं लागलं. मी त्यांना आयोवात माझ्याकडे आणलं. सामानात त्या नराचं पेंढा भरलेलं डोकं होतं. माझ्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, ते भिंतीवर आपल्या तीन नरांच्या डोक्यांशेजारी मानानं लावलं. मनाचा चांगला आहे तो. पण चारही एका ओळीत बघितली आणि वाटलं, नसतं लावलं तर बरं झालं असतं. व्हर्लिनची हरणं मक्यावर, सोयाबीनवर पोसलेली. शिंगं मनगटाएवढी जाड. त्यांच्यात बाबांचा नर करडू दिसत होता.

बाबांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "जावईबापू, तुमची हरणं घरजावई आहेत का हो? नुसती बसून खाल्लेली दिसतात."

व्हर्लिन हसला. "आम्ही पाच वर्षांच्या आतला नर मारत नाही, बाबा. शेजारीपाजारीही पाळतात. तेव्हा कुठे अशी होतात."

"पाच वर्षं! आमच्याकडे एवढं जगलं तर हरणाला पेन्शन द्यावी लागेल."

डिसेंबरात शिकारीचा मोसम उघडला. व्हर्लिननं बाबांना मक्याच्या शेताकडेच्या लाकडी खोपटात नेऊन बसवलं. शेगडी पेटवून दिली, कॉफी दिली आणि स्वतः शेजारी बसला. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

दुपार कलताना कुंपणाच्या बाजूनं एक नर आला. दहा फाटे. बाबांनी एवढं जनावर जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी बंदूक उचलली, श्वास धरला. व्हर्लिननं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"हा नको, बाबा. तीन वर्षांचा असेल. अजून दोन वर्षं जाऊ द्या, मग बघा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. अजून दोन वर्षं! त्यांनी बंदूक खाली घेतली. दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याची बंदूक घेऊन बसलेला माणूस काय बोलणार? नर सावकाश कुंपण ओलांडून पलीकडे गेला.

थोड्याच वेळात पलीकडून बार ऐकू आला.

शेजाऱ्याचा मेव्हणा फ्लोरिडाहून आला होता. तिकडची हरणं म्हणजे बकऱ्याच. इथल्या परवान्यासाठी नंबर लागायची त्यानं कितीतरी वर्षं वाट बघितलेली. तोच नर मारून, गाडीत घालून मेव्हणा थेट आमच्या अंगणात आला. रडत होता अक्षरशः. "बघा हो, काका! माझ्या सात पिढ्यांत कुणी असा मारला नाही!"

शेजारी मान खाली घालून उभा होता. "पाहुणा आहे रे," तो व्हर्लिनजवळ पुटपुटला. "त्याला काय सांगणार?"

बाबा काठी टेकत गाडीपाशी गेले. नराच्या मानेवरून हात फिरवला, एकेक फाटा चाचपला. "फार मोठा आहे," ते म्हणाले. "नशीबवान आहेस, पोरा." आणि पाहुण्याचा हात हातात घेतला. मी दारात उभी होते. व्हर्लिनवर ओरडावं तर त्याचं काय चुकलं होतं? जेवताना व्हर्लिन म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्हाला वाटेल तो मारा, बाबा. मी तोंड उघडणार नाही." बाबांनी मान हलवली आणि बटाटे पुढे सरकवले.

ऑगस्टमध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चमचाही धरता येईना. तरी मोसम उघडल्यावर व्हर्लिननं त्यांना घोंगडीत गुंडाळून उचललं आणि खोपटात नेलं. मी नको म्हटलं, पण अडवलं नाही.

सहा फाट्यांचा एक कोवळा नर अगदी समोर येऊन उभा राहिला. व्हर्लिननं बंदूक उचलली. "बाबा, तुमच्यासाठी मारू?"

बाबांच्या घशातून एक आवाज आला. व्हर्लिन थांबला. पुन्हा विचारलं, पुन्हा तसाच आवाज. तेवढ्यात नर निघून गेला.

मार्चमध्ये बाबा गेले. व्हर्लिन अजूनही मधेच, भांडी पुसताना वगैरे, तो आवाज काढून दाखवतो आणि विचारतो, "हे 'हो' होतं की 'नको', गं? तू मुलगी ना त्यांची?"

मी दर वेळी नीट कान देऊन ऐकते. मला सांगता येत नाही.