बुडबुड्यांशिवाय आलेला आवाज

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. इथे मला कुणी ओळखत नाही, म्हणूनच लिहितेय.

मी बंगळूरमध्ये, बेळ्ळंदूरच्या एका छोट्या कंपनीत आहे. पाण्याखाली डायव्हर बोलतात तेव्हा श्वासाच्या, बुडबुड्यांच्या गोंगाटात शब्द कळत नाहीत. तो गोंगाट काढणारा फिल्टर मी लिहिलाय. चाचणी जे. पी. नगरच्या एका खोल स्विमिंग पूलमध्ये होते. आमचे डायव्हर मारुती अण्णा, मूळचे बेळगावचे, तळाशी उभं राहून मास्कमधून इंग्रजी शब्द वाचतात. मी हेडफोन लावून ऐकलेलं लिहिते... पूलकडे पाठ करून, म्हणजे बघून अंदाज बांधायला नको. अण्णांच्या कमरेला बांधलेली दोरी टीम लीड कार्तिककडे; खालून ओढली की वर घ्यायचं.

त्या दुपारी उतरताना अण्णा म्हणाले, "अक्का, तुझं हे चाललं तर एक घरी पण लावू या. बायकोला माझं काहीच ऐकू येत नाही बघ!"

पहिले शब्द आले, नेहमीसारखे अर्धवट. मग शांतता... आणि एकदम स्वच्छ आवाज — "अक्का, वर घे मला."

बुडबुडा नाही, श्वास नाही. शेजारी बसून बोलावं तसा. आणि मला काय झालं? आनंद. फिल्टर चालला! अण्णा थट्टा करतायत असं धरून मी 'क्लॅरिटी — एक्सलंट' लिहिलं. खाली रेघही मारली.

"घे गं वर..."

तेव्हा कुठे मी वळले. पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता. कार्तिक लॅपटॉपमध्ये बघत होता. "पुल हिम अप!" मी ओरडले. दोरी खाली शिडीत अडकलेली. शेवटी त्यानेच उडी मारून अण्णांना वर काढलं. ओठ निळे पडले होते.

हवेचा व्हॉल्व्ह अडकला होता. अण्णा वाचले.

रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या इंग्रजी शब्दांनंतर काहीच नाही, ती हाकही नाही. फिल्टरच्या आधीचं कच्चं रेकॉर्डिंगही ऐकलं... तेही रिकामं.

हॉस्पिटलमध्ये मी हळूच विचारलं, "अण्णा, तुम्ही मला हाक मारलीत?"

"बोलायला हवा कुठं होती गं? नुसता दोरी ओढत होतो."

पुढच्या चाचणीला ऐकायला दुसरं कुणीतरी बसू दे, असं मी कार्तिकला सुचवलं. अण्णांनी ते उडवून लावलं. "छे! अक्का कानाला असेल तरच मी उतरणार."

तो आवाज कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. पण पहिल्यांदा आला तेव्हा मी काय केलं, ते मला माहीत आहे. अण्णांना सांगायचं धाडस होत नाही... आणि सोमवारी ते पुन्हा उतरतायत.